दहा नंबर कुणाचा?

रात्री पावणेदोनला फोन वाजला. ऊस हंगामात त्या वेळी वाजणारा फोन कारखान्याचाच असतो, हे आता घरातही सगळ्यांना ठाऊक आहे. काटा क्लार्क बोलत होता. मागे ट्रॅक्टरची घरघर आणि कुणाचा तरी चढलेला आवाज.

"सर, दोन नंबरचा काटा सर्व्हरला लागंना. एक नंबरचा चालू आहे. चारदा रीस्टार्ट केला. एकदा लागला, दोन गाड्या झाल्या, परत गेला."

"पिंग केलं का?"

"केलं की. पिंग एकदम क्लिअर येतंय सर. म्हणून तर कळंना झालंय."

पिंग म्हणजे एका संगणकानं दुसऱ्याला 'आहेस का?' म्हणून मारलेली हाक. पिंग येतंय पण काम होत नाही, आणि शेजारच्या खोलीतला संगणक त्याच सर्व्हरवर बिनतक्रार चालतोय. हे ऐकल्यावर मनात एक शंका आलीच. पण रात्री दोन वाजता सुचलेल्या कारणावर मी सहसा विसंबत नाही. ते बहुतेक वेळा मागच्या बिघाडाचं कारण असतं. जानेवारीची थंडी होती. कानाला मफलर गुंडाळला आणि मोटारसायकल काढली.

कारखाना कृष्णाकाठचा आहे, एवढंच सांगतो. तिथलं संगणकांचं नेटवर्क मी बाहेरून येऊन सांभाळतो. तिथे दोन वजनकाटे. एक नंबरचा ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा, दोन नंबरचा बैलगाड्यांचा. प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं. भरलेली गाडी काट्यावर चढते, मग गव्हाणीवर जाऊन ऊस उतरवते आणि परतताना रिकामी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. पहिलं वजन सर्व्हरमध्ये पडलंय आणि दुसरं पडत नाही, अशी गाडी अडकली की तिला ना पावती मिळते ना घरी जाता येतं. बैलांच्या मानेवरचं जू तसंच राहतं. मागच्या भरलेल्या गाड्यांमधला तोडलेला ऊस वाळत राहतो आणि त्याचं वजन घटतं. ती घट कारखान्याच्या खात्यात पडत नाही, शेतकऱ्याच्या पडते.

तुम्ही म्हणाल, काट्याचा आकडा तर समोर दिसतोय, वहीत लिहून घ्या आणि सोडा गाड्या. आमच्या भागात हे इतकं सोपं नाही. 'काटा मारला' हे दोन शब्द इथल्या शेतकऱ्यांच्या किती पिढ्यांनी उच्चारलेत! काट्यावर संगणक आला, आकडा थेट सर्व्हरला जाऊ लागला, मधला माणसाचा हात निघाला, तेव्हा कुठे थोडा भरवसा बसला. मध्यरात्री अचानक हाताने वजनं लिहायला लागलं, तर सकाळी त्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? क्लार्कनं लिहायला नकार दिला होता, आणि माझ्या मते त्यानं बरोबर केलं होतं.

पोचलो तेव्हा केनयार्डात बैलगाड्यांची रांग पार वडापर्यंत गेली होती. उसाच्या मोळ्यांवर पोतं पांघरून पोरं झोपलेली. दोन ठिकाणी वाढ्यांची शेकोटी. नंबरटेकर तात्या हातात रजिस्टर घेऊन फिरत होते. यार्डात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीला नंबर द्यायचा, रजिस्टरात लिहायचा आणि पाळी आली की तो नंबर पुकारायचा, हे त्यांचं काम. तीस हंगाम त्यांनी तेच केलंय.

सर्व्हर रूमला कुलूप होतं. किल्ली संगणक विभागाच्या साहेबांकडे आणि साहेब बारा किलोमीटरवरच्या गावात. कुणीतरी आणायला गेलं होतं. मी दोन नंबरच्या काट्यावरच बसलो. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१०. सगळे त्याला 'दहा नंबर' म्हणतात. पिंग केलं. चार पाठवले, चार आले, मिलिसेकंदाच्या आत. क्लार्क माझ्याकडे बघत होता, बघा, मी सांगत होतो ना?

पण पिंगच्या उत्तरात वेळेच्या शेजारी आणखी एक आकडा असतो. तो फारसं कुणी वाचत नाही. टीटीएल. नेटवर्कवर वाट चुकलेला माहितीचा एखादा पुडका कायम भटकत राहू नये म्हणून निघतानाच त्याला आयुष्य मोजून दिलेलं असतं. वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पुडके पोचवणारं यंत्र, त्यातला एक कमी करतो. शून्य झालं की पुडका टाकून देतात. विंडोज निघताना साधारण १२८ देते, लिनक्स ६४. एकाच नेटवर्कमध्ये मधे राउटर नसतो, त्यामुळे निघताना दिलेला आकडा पोचतानाही तसाच दिसतो. आमचा सर्व्हर विंडोजचा. माझ्यासमोर उत्तर येत होतं ६४.

उठून एक नंबरच्या काट्यावर गेलो आणि तिथून तोच पत्ता पिंग केला. १२८.

दोन खोल्यांतून एकाच नंबराला हाक मारली आणि दोन वेगळ्या यंत्रांनी 'ओ' दिली. दहा नंबर आता दोघांचा होता.

हे कसं घडतं ते मी त्या रात्री क्लार्कला तात्यांकडे बोट दाखवून समजावलं. तात्या यार्डात उभे राहून ओरडतात, "एकशे बावीस!" सगळे गाडीवान ऐकतात, पण ज्याच्याकडे एकशे बावीसची चिठ्ठी आहे तोच हात वर करतो. नेटवर्कमध्येही अगदी असंच चालतं. एखाद्या संगणकाला दहा नंबरशी बोलायचं असेल तर तो आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, 'दहा नंबर कोण?' ज्याचा तो पत्ता असेल तो आपला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्ड बनतानाच त्यावर कोरलेला क्रमांक, कळवतो. विचारणारा ती जोडी टिपून ठेवतो आणि पुढचं बोलणं थेट त्या कार्डाशी करतो. या पद्धतीला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२मध्ये आरएफसी ८२६ या छोट्याशा टिपणात मांडली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारी क्रमांकित टिपणं. आज घरातल्या वायफायपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत आयपीव्ही४ या पत्तापद्धतीचं स्थानिक बोलणं त्यावर चालतं.

त्या पद्धतीत पुरावा मागत नाहीत. 'मी दहा नंबर' असं जो म्हणेल त्याचं खरं धरायचं. दोघांनी हात वर केला तर विचारणाऱ्याला त्यात काही गैर दिसत नाही. ज्याचं उत्तर त्याच्या टिपणात टिकलं तो त्याच्यापुरता दहा नंबर. एक नंबरच्या काट्याच्या टिपणात खरा सर्व्हर होता, दोनच्या टिपणात परका. परका पिंगला उत्तर देत होता, कारण पिंगला उत्तर द्यायला कुणालाही येतं. पण वजनाची नोंद घेऊन गेलं की 'हा कारभार माझ्याकडे नाही' म्हणून दार लावत होता. त्यात त्या यंत्राचाही दोष नाही. त्याला कुणीतरी दहा नंबर दिला होता आणि ते इमानानं त्या नंबराला ओ देत होतं.

परका शोधायला त्याचा मॅक पत्ता हाताशी होता. संगणकाकडून एआरपीची यादी काढली की तो दिसतो. बारा अक्षरं. त्यातली पहिली सहा ज्या कंपनीनं कार्ड बनवलं तिची, आयईईई ही संस्था ती कंपन्यांना वाटते. फोनवर शोधलं, तर कॅमेरे बनवणारी कंपनी निघाली.

"अलीकडं कॅमेरे कुठं बसवलेत?"

क्लार्कला माहीत नव्हतं. दारात उभ्या असलेल्या तात्यांना माहीत होतं. "काल दुपारी एक पोरगं आलतं की गेटवर. खांबाला चार डोळं लावून गेलं."

मोठ्या कंपनीत असे प्रसंग फार लवकर निपटतात. तिथले स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारे डबे, हुशार असतात. त्यांना मॅक पत्ता विचारला की 'सतरा नंबरच्या पोर्टवर' असं सांगतात. या कारखान्यात जिथे गरज पडली तिथे कुणीतरी आठ पोर्टचा साधा स्विच आणून लावलेला, त्याला पुढे आणखी एक. मग जुनीच रीत. दोन नंबरवर पिंग अखंड चालू ठेवायचं आणि स्विचमधून एकेक केबल काढायची. ज्या केबलीला उत्तरं थांबतील तिकडे चालायचं. क्लार्क पडद्यासमोर बसून ओरडत होता, "येतंय... येतंय... येतंय... गेलं!" टाइम ऑफिसच्या स्विचवरून ती वाट गेटकडे निघाली. गेटच्या केबिनमध्ये वॉचमनच्या टेबलाखाली, डब्यापिशव्यांच्या मागे, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या कोऱ्या करकरीत डीव्हीआरचे दिवे लुकलुकत होते. मी त्याची नेटवर्क केबल काढली. मग काट्यावर येऊन टिपणातली जुनी जोडी पुसली आणि पिंग केलं. १२८.

तीन वीसला पहिली रिकामी गाडी काट्यावर चढली. गाडीवानाशेजारी त्याची बायको, मांडीवर लेकरू. पावती हातात पडल्यावर तिनं ती दोनदा उलटसुलट करून पाहिली, घडी घातली आणि कनवटीला खोचली. बैल आपणहून वळले.

सकाळी सर्व्हर रूम उघडली तेव्हा मला एक गोष्ट पाहायची होती. सिस्टिम लॉगमध्ये ती होतीच. घटना क्रमांक ४१९९, वेळ दुपारी चार बारा. या पत्त्यावर दुसरं यंत्र आढळलं आणि त्याचा मॅक पत्ता हा, असं स्पष्ट लिहिलेलं. डीव्हीआर सुरू झाल्या झाल्या त्यानं 'मी दहा' असं जाहीर केलं असणार. सर्व्हरनं ते ऐकलं, 'नाही, दहा मी' असं सगळ्यांना परत सांगितलं आणि तक्रारही नोंदवली. बंद खोलीत, बंद पडद्यामागे. त्यानंतर दोन्ही काटे आपापली जुनी ओळख धरून सर्व्हरशी बोलत राहिले आणि सगळं सुरळीत चाललं. रात्री बारा वाजता पाळी बदलली. नव्या क्लार्कनं दोन नंबरचा संगणक बंद करून चालू केला. त्याची टिपणं पुसली गेली. त्यानं नव्यानं विचारलं, 'दहा नंबर कोण?' मग दोन हात वर झाले. अनेक वर्षांत इतकी नीट मांडलेली साखळी मला क्वचित दिसली आहे. मी ते लॉग क्लार्कला बोलावून दाखवलं. रात्रभर शिव्या खाऊन तो तिथे उभा होता, त्याच्या रीस्टार्टमध्ये चूक काहीच नव्हती हे त्याला कळायला हवं होतं.

आता त्या मुलाचं. कॅमेरे बसवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आला. वय बाविसेक. चेहरा उतरलेला, त्याला वाटत होतं बिल अडकणार. मी विचारलं, "दहा नंबर का घेतलास?"

"दादा, मी विचारलं होतं. ऑफिसवाल्यांनी यादी दाखवली. सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवलीय ती. तिच्यात पाच नंबरला सर्व्हर होता, दहा मोकळा होता."

दाराशी गेलो. यादी माझ्या हस्ताक्षरातली होती. दोन वर्षांपूर्वी जुना सर्व्हर पाच नंबरवर होता. नवा आला तेव्हा काही दिवस दोन्ही शेजारी चालवावे लागले, म्हणून नव्याला दहा दिला. मग जुना काढला आणि दहाच कायम झाला. सगळ्या संगणकांवर मी पत्ता बदलला. दारावरच्या कागदावर बदलला नाही. त्या मुलानं विचारायचं तेवढं विचारलं होतं. त्याला उत्तर चुकीचं मिळालं, आणि ते उत्तर माझं होतं. कारखान्याच्या लोकांना मी तसं सांगितलं. मुलाचं बिल निघालं. पण वडापर्यंत गेलेली ती रांग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अडीच तास जू मानेवर घेऊन उभे राहिलेले बैल त्या कागदामुळे उभे होते.

तेव्हापासून नंबरांच्या नोंदीबद्दल जे मिळेल ते मी वाचत आलो. इंटरनेटच्या आधी अर्पानेट होतं तेव्हाची गोष्ट आहे. मे १९७२मध्ये जॉन पोस्टेल नावाच्या तरुण संशोधकानं आरएफसी ३४९ लिहिलं. त्यात त्यानं सुचवलं होतं की क्रमांक वाटण्याचं काम एकाच माणसाकडे असावं, आणि कंसात विचारलं होतं, तो मी असू का? त्याचंच पुढचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. जो क्रमांक वाटेल त्यानंच त्यांची यादीही ठेवावी आणि ती प्रसिद्ध करावी, असं त्यानं मांडलं. पोस्टेलनं पुढे ते काम १९९८च्या ऑक्टोबरात मृत्यू येईपर्यंत केलं. १९८१च्या सप्टेंबरात आलेलं आयपीव्ही४चं टिपण, आरएफसी ७९१, त्यानंच संपादित केलेलं. ३२ बिटांचे पत्ते, एकूण सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ते कधी संपतील असं वाटलं नसेल. ३ फेब्रुवारी २०११ला मध्यवर्ती साठा वाटून संपला.

पत्ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं तेव्हा फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ आलं. पत्त्यांचे तीन पट्टे बाजूला काढले आणि सांगितलं की आपापल्या घरात, कचेरीत हे हवे तसे वापरा, कुणाला विचारायची गरज नाही, फक्त बाहेरच्या इंटरनेटवर ते न्यायचे नाहीत. १९२.१६८ हा त्यातला एक. म्हणूनच तुमच्या घरी, माझ्या घरी आणि त्या कारखान्यात एकच पत्ते सापडतात. यामुळे पत्त्यांची टंचाई लांबली खरी. पण माझ्या धंद्यात त्याचा अर्थ असा झाला की पोस्टेलकडे असलेली वही एका झटक्यात लाखो घरांत वाटली गेली आणि ती कुणी लिहायची हे कुणालाच सांगितलं गेलं नाही. जगभरात दहा नंबर किती आहेत कोण जाणे, एका भिंतीच्या आत तो एकच हवा. आणि त्या भिंतीच्या आतला पोस्टेल म्हणजे बहुतेक वेळा माझ्यासारखा कुणी बाहेरून येणारा माणूस असतो, नाहीतर कुणीच नसतो.

डीएचसीपी आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. १९९७च्या आरएफसी २१३१ प्रमाणे पत्ते वाटणारं यंत्रच वही ठेवतं, मुदत घालून पत्ता देतं, मुदत संपली की परत घेतं. मी जिथे शक्य असेल तिथे तेच लावतो. सर्व्हर आणि प्रिंटरना मॅक पत्त्यावरून ठरावीक नंबर राखून ठेवतो. तरीही हाताने नंबर घातलेलं एखादं यंत्र राहतंच, आणि ते वाटपाच्या पट्ट्यात पडलं की पुन्हा तीच कथा. एका शाळेच्या प्रयोगशाळेत तर एका संगणकाची प्रत काढून बाकीच्यांवर उतरवली होती, पत्त्यासकट. तिथे वर्गभर हात वर होते.

एक टिपण मात्र मला मनापासून आवडतं. आरएफसी ५२२७, जुलै २००८, स्टुअर्ट चेशायर यांचं. एआरपीनंतर सव्वीस वर्षांनी त्यात पत्ता घेण्याची रीतभात लिहिली गेली. पत्ता वापरण्याआधी तीन वेळा विचारायचं, हा कुणाचा आहे का? आणि विचारताना स्वतःच्या पत्त्याच्या जागी सगळी शून्यं लावायची. कारण चौकशीतच 'मी दहा' असं म्हटलं तर ऐकणारे ते टिपून घेतील आणि खऱ्या दहाचं बोलणं तुटेल. अजून माझं काही नाही, मी फक्त विचारतोय, एवढंच सांगायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजोबांची आठवण झाली. एसटीत रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर रुमाल टाकायच्या आधी ते वाकून शेजारच्याला विचारायचे, "इथं कुणी बसलंय का?" उत्तर येईपर्यंत उभे राहायचे. त्याच टिपणात हक्काची बाजूही आहे. ज्याचा पत्ता बदलणं परवडत नाही अशा यंत्राला तो न सोडता राखत राहण्याची मुभा आहे. आमचा सर्व्हर त्या दुपारी तेच करत होता. डीव्हीआरनं मात्र विचारलंच नसावं, किंवा विचारून उत्तराची वाट पाहिली नसावी. स्वस्त यंत्रांत ही रीत अजून सर्रास गाळलेली दिसते, आणि मला त्याचा राग येतो.

दारावरचा कागद मी काढला. दोनशे पानी पुठ्ठ्याची वही आणली. पानाला पाच रकाने पाडले, नंबर, यंत्र, जागा, मॅक पत्ता, तारीख. मग दोन दिवस कारखाना पायाखाली घातला. तात्यांनी त्यांची एक गोष्ट मला तेव्हाच सांगितली होती. "गाडी डोळ्यानं बघितल्याबिगर म्या नंबर लिवत न्हाई. गाडीवान म्हंतोय यार्डात लावलीय, तर चल म्हणायचं, दाव." मीही तसंच केलं. प्रत्येक यंत्रापुढे उभा राहून लिहिलं. प्रयोगशाळेत एक, डिस्टिलरीत दोन, आणि शेतकी खात्यात माळ्यावर एक प्रिंटर असा निघाला की तो कुणाचा हे कुणालाच सांगता येईना, पण रोज कागद त्यावरच यायचे. डीव्हीआरला २४० नंबर दिला. त्या ओळीपुढे मी त्या मुलाला सही करायला लावली. तो आधी बिचकला. दंडाची सही वाटली असावी. मग त्यानं नाव पूर्ण लिहिलं, सुवाच्य.

वही सर्व्हर रूमच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असते. तिची एक प्रत माझ्याकडे. गेल्या कार्तिकात संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला. गव्हाणीजवळ नवे कॅमेरे लावायचे होते.

"दादा, शिडीवर आहे. दोन नंबर पाहिजे होते."

"थांब," म्हटलं, "वही घेतो."

"घ्या सावकाश. मी खाली उतरतो तोवर."